प्रेक्षक की प्रेक्षणीय?

पॅरिसच्या एका नाट्यगृहातला बॉक्स. त्यात काळ्या पोशाखातली एक स्त्री बसली आहे. डोक्यावरची काळी टोपी हनुवटीखाली फितीने बांधलेली, कानात एकच लहानसा मोती. कोपर कठड्यावर टेकवून तिने दुर्बीण डोळ्यांना लावली आहे आणि दुसऱ्या हातात पंखा मिटलेला आहे. तिच्या मागे बाल्कन्यांचे मोठे वळण दिसते. तिथले प्रेक्षक म्हणजे कुंचल्याचे दोन-दोन, तीन-तीन फटकारे. त्यांतला एक पुरुष मात्र नजरेत भरतो. कठड्यावरून पुढे झुकून त्याने आपली दुर्बीण रोखली आहे ती थेट या स्त्रीवर. तिला याचा पत्ता नाही, किंवा असला तरी तिने त्याची दखल घेतलेली नाही.

मेरी कॅसॅट या अमेरिकन चित्रकर्तीने हे तैलचित्र 1878 साली रंगवले. 'इन द लोज' म्हणजे 'बॉक्समध्ये' या नावाने ते आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. आकार फार मोठा नाही, सुमारे 81 बाय 66 सेंटिमीटर. पण नाट्यगृहातल्या स्त्रीचे चित्र हा विषय निघाला की चर्चा फिरून या चित्रापाशी येतेच. 1870 ते 1885 या काळात दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) आणि त्यांच्या आसपासच्या चित्रकारांनी बॉक्समध्ये बसलेली स्त्री पुन्हा पुन्हा रंगवली: रेन्वारने, देगाने, एव्हा गोंझालेसने आणि कॅसॅटने तर अनेकदा. ही स्त्री प्रेक्षक आहे की प्रेक्षणीय, हा प्रश्न त्या सगळ्या चित्रांमधून वाहतो. गेली पन्नासएक वर्षे कलेचे अभ्यासक त्यावर हिरिरीने लिहीत आले आहेत. ती चित्रे आणि तो वाद यांचा हा आढावा.

उजळलेले प्रेक्षागृह

तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, शेजारी कोण बसले आहे तेही दिसेनासे होते आणि मग पडदा सरकतो. नाटक पाहण्याची आपली कल्पना ही अशी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये असे नव्हते. गॅसच्या दिव्यांची झुंबरे प्रयोग चालू असतानाही प्रेक्षागृह उजळून टाकत. प्रेक्षागृहात अंधार करून सगळ्यांचे लक्ष रंगमंचाकडे लावण्याची पद्धत रुजली ती प्रामुख्याने संगीतकार रिचर्ड वाग्नरच्या बायरॉइट नाट्यगृहामुळे, आणि ते 1876 साली उघडले. पॅरिसमध्ये तोवर, आणि पुढेही काही काळ, एका तिकिटात दोन खेळ पाहायला मिळत. एक रंगमंचावर चाले, दुसरा समोरच्या बॉक्समध्ये.

इमारतीची रचनाही याला साजेशी होती. बाल्कन्या घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या असल्यामुळे बाजूच्या बॉक्समधून रंगमंच तिरपा दिसे आणि समोरचे बॉक्स मात्र अगदी स्वच्छ दिसत. जुने ऑपेरागृह ऑक्टोबर 1873 मध्ये आगीत जळाले आणि शार्ल गार्निएने बांधलेले नवे ऑपेरागृह 5 जानेवारी 1875 रोजी सुरू झाले. त्याचा संगमरवरी जिना पाहिला की लक्षात येते, तो फक्त वर जाण्यासाठी बांधलेला नाही. चढणाऱ्यांनी दिसावे आणि सज्जांतल्यांनी त्यांना पाहावे, असाच त्याचा घाट आहे. श्रीमंत घराणी हंगामभराचा बॉक्स घेत. तिथे नाती जुळत, व्यवहार ठरत आणि लग्नाच्या मुली दाखवल्या जात.

बॉक्सला कठडा असतो, दोन बाजूंना भिंती असतात आणि वर छत असते. म्हणजे ती आयती चौकटच. कवी बॉदलेअरने 1863 साली प्रसिद्ध झालेल्या 'आधुनिक जीवनाचा चित्रकार' या निबंधमालेत, बॉक्सच्या चौकटीत चित्रासारख्या उजळून दिसणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिले होते. आपल्या काळाचे चित्र काढायचे तर पुराणातल्या देवता सोडून रस्ता, कॅफे, नाट्यगृह पाहा, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्या पिढीने ते मनावर घेतले.

रेन्वारची स्त्री: साजशृंगार आणि उतरलेली दुर्बीण

या विषयावरचे सर्वांत गाजलेले चित्र रेन्वारचे. 'ला लोज' हे त्याचे 1874चे चित्र आज लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. त्याच वर्षी 15 एप्रिलला, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले आणि त्यात हे चित्र होते. पुढच्या वर्षी मार्तँ नावाच्या विक्रेत्याने ते 425 फ्रँकला विकत घेतले.

चित्रातली स्त्री समोर, आपल्याकडे तोंड करून बसली आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा, गळ्यात मोत्यांचे सर, केसांत आणि छातीवर फुले. सोनेरी दुर्बीण तिच्या हातात आहे, पण ती डोळ्यांपासून खाली उतरलेली, कठड्यावर टेकलेली. मागे बसलेला पुरुष आपली दुर्बीण वर रोखून बघतो आहे. रंगमंच काही वर नसतो, तेव्हा त्याचा रोख वरच्या एखाद्या बॉक्सकडे असणार. या पुरुषासाठी रेन्वारचा पत्रकार भाऊ एदमों बसला होता, आणि स्त्रीसाठी निनी नावाची मॉडेल.

रेन्वारचे वडील शिंपी होते आणि आई शिवणकाम करायची. कापड म्हणजे काय हे त्याला घरातच कळले होते, हे चित्रात दिसते. काळा पट्टा छातीवर रुंद होतो, दंडावर वळतो, कमरेशी निमुळता होतो. तो काळाही एकसारखा काळा नाही, त्यात निळसर झाक आहे. पांढऱ्यात गुलाबी आणि राखाडी मिसळलेले आहेत. इतक्या मायेने रंगवलेला पोशाख त्या काळच्या चित्रकलेत फार थोडा सापडेल. कोर्टोल्डने 2008 साली याच चित्राभोवती एक प्रदर्शन उभे केले आणि फॅशनची छापील चित्रे, व्यंगचित्रे आणि इतर चित्रकारांची बॉक्सची चित्रे त्याच्या शेजारी मांडली. तेव्हा स्पष्ट झाले की रेन्वार एका रुळलेल्या, लोकप्रिय प्रतिमेला हात घालत होता. 1874च्या समीक्षकांतही ही स्त्री प्रतिष्ठित घरातली की पैशावर जगणारी शौकीन बाई, यावर एकमत नव्हते. ती कोण आहे हे तिच्या कपड्यांवरून ठरवण्याची घाई प्रत्येकालाच झाली होती. ती काय पाहायला आली आहे, असा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही.

रेन्वारने हा विषय पुढेही हाताळला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'ला प्रमियेर सॉर्ती' म्हणजे 'पहिल्यांदा बाहेर' हे 1876-77चे चित्र आहे. फुलांचा गुच्छ घेऊन पुढे वाकून बसलेली मुलगी त्यात दिसते. आपल्याला तिची फक्त बाजू दिसते, आणि पलीकडच्या गर्दीतले पुसट चेहरे तिच्या दिशेने वळलेले आहेत. नवखेपणाची ती थरथर रेन्वारने फार हळुवार टिपली आहे. 1880च्या 'बॉक्समध्ये' या चित्रात, जे आज अमेरिकेतल्या क्लार्क संग्रहालयात आहे, दोन मुलींच्या मागे आधी एक पुरुष होता. रेन्वारने तो रंगवून बुजवला. नीट पाहिले तर त्याची पुसट सावली अजून जाणवते. पुरुष गेला आणि पाहण्याचा सगळा भार आपल्यावर, चित्र बघणाऱ्यावर आला.

देगा आणि गोंझालेस: नजर वळते

देगाचा नाट्यगृहातला जीव अडकला होता तो नर्तकी आणि वादकांत. पडद्यामागे त्याला प्रवेश होता आणि ऑपेराच्या आतल्या जगाचे जे चित्रण त्याने केले त्याला तोड नाही. पण बघणाऱ्या स्त्रीचे एक विलक्षण चित्र त्याच्याही नावावर आहे. दुर्बीण डोळ्यांना लावून सरळ समोर, म्हणजे आपल्याकडे बघणारी उभी स्त्री त्याने 1870च्या आसपास अनेकदा रंगवली. घोड्यांच्या शर्यतीच्या एका चित्रासाठी केलेले हे अभ्यास होते. त्यांतले एक ड्रेस्डेनला आहे, एक ग्लासगोच्या बरेल संग्रहात. चेहऱ्याच्या जागी दोन गोल काचा आहेत. आपण चित्र बघायला उभे राहावे आणि चित्रानेच आपल्यावर दुर्बीण रोखावी, तसे वाटते. स्त्रीच्या हातातली दुर्बीण काय करू शकते हे देगाने ओळखले होते, पण मोठ्या चित्रात त्याने ती वापरली नाही.

एव्हा गोंझालेस ही चित्रकार मानेची शिष्या. तिचे 'इटालियन ऑपेरातला बॉक्स' हे मोठे चित्र 1874 साली सलों या सरकारी प्रदर्शनाने नाकारले. पुढे 1879 मध्ये ते तिथेच स्वीकारले गेले, आणि आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्यासाठी तिची बहीण जान आणि चित्रकार आँरी गेरार बसले होते. रेन्वारचे 'ला लोज' आणि हे चित्र शेजारीशेजारी ठेवून पाहावे. गोंझालेसची स्त्रीही समोर बघते, तिच्याजवळही फुले आहेत, शेजारी पुरुषही आहे. पण तिच्या चेहऱ्यावर आपल्याला खूश करण्याची कसलीच धडपड नाही. कठड्यावर टेकून ती रोखून बघते, थोडी कंटाळलेली, थोडी अलिप्त. एव्हा 1883 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेली. ती आणखी जगली असती तर या विषयाचे आणि तिच्या नावाचेही वजन आज वेगळे असते, असे मला मनापासून वाटते.

कॅसॅट: कठड्याच्या आतून

मेरी कॅसॅट 1844 साली पेन्सिल्व्हेनियात जन्मली आणि 1874 पासून पॅरिसमध्ये स्थायिक झाली. पॅरिसची सरकारी कलाशाळा स्त्रियांना 1897 पर्यंत बंद होती. 1877 साली सलोंने तिची चित्रे नाकारली, आणि त्याच वर्षी देगाने तिला आपल्या गटाबरोबर प्रदर्शन भरवायला बोलावले. 1879च्या चौथ्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा त्यांच्यात दिसली, आणि तिने मांडलेल्या चित्रांत नाट्यगृह होते.

नाट्यगृहच का? तिच्या वर्गातल्या अविवाहित स्त्रीला कॅफेत एकटे बसता येत नसे, पडद्यामागे जाता येत नसे, रात्रीच्या रस्त्यावर भटकता येत नसे. देगाचे आणि मानेचे निम्मे विषय तिच्यासाठी बंद दारामागे होते. नाट्यगृहाचा बॉक्स हे मात्र घराबाहेरचे असे ठिकाण होते जिथे ती उजळ माथ्याने जाऊ शके. म्हणून पुरुष चित्रकार बॉक्सकडे बाहेरून बघत असताना कॅसॅट बॉक्सच्या आत बसून बघत होती. तो अनुभव तिचा स्वतःचा होता.

त्यातून तिने तीन तऱ्हांच्या स्त्रिया उभ्या केल्या. पहिली, 1879ची 'मोत्यांचा हार घातलेली स्त्री', आज फिलाडेल्फियात आहे. गुलाबी झगा, उघडे खांदे, हसरा चेहरा. तिच्या मागे आरसा आहे, आणि त्यात तिची पाठ, समोरच्या बाल्कन्या आणि झुंबर उमटले आहेत. ती स्त्री काय बघते आहे हे आपल्याला तिच्या पाठीमागच्या आरशातून कळते, आणि उजेड तिच्या खांद्यांवर मागून-पुढून खेळतो. इथे ती दिसते आणि बघतेही, आणि दोन्हींत तिला आनंद आहे.

दुसरे चित्र 1880च्या आसपासचे, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले. दोन तरुण मुली बॉक्समध्ये शेजारीशेजारी बसल्या आहेत. एकीच्या हातात गुच्छ आहे, दुसरीने पंखा उघडून चेहऱ्याचा खालचा भाग झाकून घेतला आहे. दोघी ताठ, हालचाल विसरलेल्या. मराठी वाचकाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आलेली, खुर्चीच्या टोकावर बसलेली, हात कुठे ठेवावेत हे न कळणारी मुलगी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आपल्यातल्या अनेकींनी तर ते स्वतः अनुभवले आहे. मराठीत 'मुलगी बघायला गेलो' म्हणतात तेव्हा त्या क्रियापदाचा कर्ता कोण आणि कर्म कोण हे आधीच ठरलेले असते. कॅसॅटने या दोन मुलींच्या पाठीत तेच रंगवले आहे.

तिसरी, काळ्या पोशाखातली. 1878 साली हे चित्र बोस्टनच्या प्रदर्शनात लागले. कॅसॅटच्या नव्या शैलीतले अमेरिकेत दाखवले गेलेले हे पहिले चित्र. त्या वेळच्या नावात 'फ्रान्से'चा, म्हणजे कॉमेदी फ्रान्सेझचा उल्लेख होता. ते ऑपेराचे नव्हे, नाटकाचे घर. काळा पोशाखही दुपारच्या खेळाचा आहे. उघडे खांदे नाहीत, फुले नाहीत, हार नाही. दिसण्यासाठी जे जे अंगावर चढवायचे ते सगळे कॅसॅटने उतरवले आणि तिच्या हातात फक्त दोन वस्तू ठेवल्या. त्यांतला पंखा मिटलेला आहे आणि दुर्बीण वापरात आहे.

अभ्यासकांचा वाद

या चित्रांवरच्या लिखाणाने दिशा बदलली ती 1970च्या दशकात. लिंडा नॉक्लिनने 1971 साली 'थोर चित्रकर्त्या का झाल्या नाहीत?' असा प्रश्न विचारला आणि उत्तर प्रतिभेत न शोधता संस्थांत शोधले: शाळा, प्रवेश, मॉडेल, प्रदर्शन. जॉन बर्जरने 1972च्या पुस्तकात युरोपीय चित्रकलेचे एक दुखणे नेमके सांगितले. तिथे पुरुष बघतात, स्त्रिया बघितल्या जातात, आणि स्त्री स्वतःकडेही बघणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागते. मग ग्रिझेल्डा पोलॉकने 1988 साली आपल्या पुस्तकात 'इन द लोज'वर लिहिले आणि हे चित्र या वादाचे निशाणच बनले. दृक्प्रत्ययवाद्यांच्या पॅरिसचा तिने जणू नकाशा काढला: कोणती ठिकाणे पुरुष चित्रकारांना खुली, कोणती स्त्रियांना. बर्जरने सांगितलेला नियम कॅसॅटने कुठे मोडला हेही तिने दाखवले. इथे स्त्री कर्ता आहे, तिची नजर कृती करते आहे.

या वाचनावर आक्षेपही आले, आणि ते वाजवी आहेत. पहिला असा, की तिची दुर्बीण खाली रंगमंचाकडे झुकलेली नाही, ती जवळजवळ आडवी आहे. म्हणजे तीही समोरच्या प्रेक्षकांनाच बघत असेल. मग तिच्यात आणि त्या पुरुषात फरक काय? दुसरा आक्षेप, की तिने कितीही बघितले तरी ती बघितली जातेच. मागचा पुरुष आहे, आणि पुढे आपण आहोत. पुरुषाच्या आणि आपल्या नजरेच्या मध्ये तिला बसवून कॅसॅटने आपल्यालाही त्यात ओढले आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बॉक्स ही पैशाची जागा होती. त्या बॉक्सचे दार उघडणारी, कोट सांभाळणारी, रंगमंचावर नाचणारी स्त्रीही त्याच इमारतीत होती. तिच्यासाठी ही मोकळीक नव्हती. मानेने 1882च्या 'फोली-बेर्जेरमधला बार' या चित्रात तीच दाखवली. पुढे दारूच्या बाटल्यांमागे उभी, शून्यात बघणारी नोकरदार मुलगी, आणि मागच्या आरशातल्या बाल्कनीत दुर्बीण लावून बसलेली एक सधन स्त्री. दोघी एकाच चित्रात, पण बघण्याची सवड एकीलाच.

दोन काचा

हे सगळे वाचून झाल्यावर मला वाटते, चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडली. कोण कुणाकडे बघते याचा हिशेब मांडताना आपण बघण्यालाच विसरलो. बघणे हे सत्ता गाजवण्याचे साधन असेल, पण ते लक्ष देणेही असते. नाटक पाहायला येणारी बाई त्यासाठी वेळ काढते, घरातले आवरून येते, तीन तास एका जागी बसते. ती रसिक असते. आणि रसिकाचा चेहरा हा चित्रकलेतला फार दुर्मिळ विषय आहे, कारण तो प्रेक्षणीय नसतो. मन लावून बघणारा माणूस स्वतः कसा दिसतो हे विसरलेला असतो.

कॅसॅटने हा विसर रंगवला आहे. त्या काळ्या बाहीकडे नीट पाहा. कोपर कठड्यावर घट्ट रोवलेले आहे, कारण दुर्बीण धरून हात अवघडतो आणि टेकू लागतो. शोभेसाठी बसलेले माणूस असे कोपर रोवत नाही. डोके किंचित पुढे आले आहे. पंखा मिटलेला आहे, कारण तो हलवत राहिले तर दुर्बीण हलते. या तीन लहान गोष्टींत तिच्या लक्षाचे सगळे वजन आहे. मागची गर्दी सैल फटकाऱ्यांत सोडून दिली आहे आणि तिचा काळा आकार मात्र एकसंध आणि ठाम आहे. लक्ष एकवटले की आजूबाजूचे जग जसे पुसट होते, तसेच इथे घडले आहे.

दुर्बीण आडवी आहे हा आक्षेप यामुळे सुटत नाही, आणि तो सुटायची गरजही नाही. ती नाटक बघत असेल, समोरच्या बॉक्समधली मैत्रीण शोधत असेल, दुसऱ्या कुणाच्या टोपीचे निरीक्षण करत असेल. कॅसॅटने रंगमंच दाखवलेला नाही, समोरची बाल्कनीही नाही. फिलाडेल्फियाच्या चित्रात आरसा होता. इथे तो काढून टाकला आहे. मोत्यांचा हार घातलेल्या स्त्रीसमोर काय आहे हे आपण तिच्या पाठीमागे डोकावून बघू शकलो होतो. हिच्या बाबतीत ते शक्य नाही.

वर्गाचा आक्षेप मात्र उभाच राहतो आणि राहायला हवा. हे चित्र सगळ्या स्त्रियांचे नाही, सधन घरातल्या एका स्त्रीचे आहे. कॅसॅट पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने उभी राहिली. 1915 साली न्यूयॉर्कमध्ये त्या चळवळीच्या मदतीसाठी भरलेल्या प्रदर्शनात तिची चित्रे होती. पण बघण्याची सवड ही आजही सगळ्याजणींच्या वाट्याला सारखी येत नाही.

आता पुन्हा त्या मागच्या पुरुषाकडे वळू. तीन-चार फटकाऱ्यांचा तो माणूस इतक्या लांबून, कठड्यावरून एवढा झुकून, महागाची दुर्बीण लावून बघतो आहे. त्याला काय मिळत असेल? एक काळी टोपी, एक काळी बाही आणि डोळ्यांच्या जागी दोन काचा. बघण्यासाठी तिने जी वस्तू उचलली, तिनेच तिचे डोळे झाकले आहेत. त्याने कितीही बघितले तरी तिची नजर त्याच्या हाती लागणार नाही, आणि आपल्याही नाही. तिला तिचे नाटक बघू द्यावे.